बचत गटात गोळ्यांबद्दल बोलायचंय? एवढंच करा

ताई, पहिल्याच बैठकीत सगळं सांगायच्या फंदात पडू नका. दुष्परिणामांची यादी काढलीत की बायका घड्याळाकडे बघायला लागतात. त्यापेक्षा घरचा औषधांचा डबा घेऊनच बोलवा आणि पट्ट्या उलट्या करून वाचायला लावा.

शोधायचं नाव एकच: पॅरासिटामॉल. क्रोसिनमध्ये तेच, डोलोमध्ये तेच, कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला तेच, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच. तापाला एक, अंगदुखीला दुसरी, सर्दीला तिसरी घेणाऱ्याला आपण एकच औषध तिबार घेतोय याचा पत्ताच नसतो. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही. दारू पिणारा, लिव्हरचा त्रास असलेला किंवा अगदी किरकोळ अंगाचा असेल तर त्याहून कमी, तेही डॉक्टरांना विचारून.

मग दोन गोष्टी:
- पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. शेजारणीकडची उरलेली अँटिबायोटिक यातच आली.
- गोळ्या कापताना तारखेचा तुकडा शेवटपर्यंत राखायचा.

नवखे हमखास चुकतात ते रागावून. "कुणाला विचारून घेतलीत?" म्हटलंत की पुढच्या वेळी डबा घरीच राहतो. बीपी-शुगरच्या गोळ्यांसोबत काय चालतं, हा विषय आत्ता नको. कुणी विचारलंच तर सरळ पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.