आडवे पडावे की आडवे ठेवावे?

प्रश्न : इंग्रजीतल्या ‘लाय’ आणि ‘ले’ या क्रियापदांत नेहमी गडबड होते. रूपांचा तक्ता पाठ आहे, पण वाक्य लिहायला घेतले की हात अडतो. काही खूण सांगाल का?

उत्तर : खूण मराठीतच आहे. ‘उठणे’ आणि ‘उठवणे’, ‘बसणे’ आणि ‘बसवणे’ यांत आपण कधी चुकत नाही. पहिल्याला कर्म नको, दुसऱ्याला हवेच. ‘लाय’ म्हणजे स्वतः आडवे होणे, ‘ले’ म्हणजे दुसरे काही ठेवणे. ‘काय ठेवले?’ असे वाक्यालाच विचारा. उत्तर आले तर ‘ले’. म्हणून ‘ले द बुक ऑन द टेबल’, पण ‘लाय ऑन द बेड’. कोंबडी अंडे ‘घालते’, तेही ‘ले’च, कारण अंडे हे कर्म.

खरी मेख भूतकाळात आहे. लाय, ले, लेन हा एक संच. ले, लेड, लेड हा दुसरा. म्हणजे पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचे मूळ रूप एकच! ‘काल दुपारी मी जरा पडलो’ याचे इंग्रजी ‘आय ले डाऊन’. ‘आय लेड डाऊन’ असे इंग्रजी मातृभाषा असणारेही सर्रास बोलतात. लेखी इंग्रजीत मात्र ती चूकच धरली जाते. त्यात खोटे बोलण्याचे ‘लाय’ वेगळे, त्याचा भूतकाळ सरळ ‘लाइड’.

स्पेलिंगही सांभाळा. ‘लेड’ लिहिताना वाय जाऊन आय येतो, ‘पे’चे ‘पेड’ होते तसा. ‘लाइंग’मध्ये उलट, आय-ई जाऊन वाय येतो.

‘राइज’ आणि ‘रेझ’ याच जातीचे. किमती ‘राइज’ होतात, हात ‘रेझ’ करायचा.

प्रश्न : ‘ही सेड मी’ बरोबर की ‘ही टोल्ड टू मी’?

उत्तर : दोन्ही चूक. ‘से’ म्हणजे म्हणणे, ‘टेल’ म्हणजे सांगणे. ‘टेल’ला लागून थेट माणूस येतो : ‘ही टोल्ड मी’. आपल्या ‘मला’तला ‘ला’ तिथे ‘टू’ होऊन घुसतो. ‘से’ला माणूस जोडायचाच असेल तर ‘टू’ लागतो : ‘ही सेड टू मी’. ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’ या ठरलेल्या जोड्यांत माणूस नसला तरी चालते. ‘एक्सप्लेन मी’ हेही चूक. ‘एक्सप्लेन इट टू मी’ म्हणा.

प्रश्न : ‘उद्या मला फोन करायची आठवण कर’ यासाठी ‘रिमेंबर मी’ चालेल का?

उत्तर : नाही. आठवण ठेवणे ‘रिमेंबर’, आठवण करून देणे ‘रिमाइंड’. म्हणून ‘रिमाइंड मी टू कॉल’. ‘रिमेंबर’च्या पुढचे रूपही अर्थ फिरवते. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायला विसरू नको. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे लावल्याचे मला आठवते. पहिल्यात काम व्हायचे आहे, दुसऱ्यात झालेले आहे.

‘रिमेंबर मी टू युअर मदर’ हे वाक्य मात्र बरोबर आहे, जरा जुन्या वळणाचे. त्याचा अर्थ, ‘आईला माझा नमस्कार सांगा’.