दाढ काढून वर्ष झालं, इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात) आत्ताच करू की अजून थांबलं तरी चालेल?

थांबू नका. दाढ गेली की तिथलं जबड्याचं हाड झिजायला लागतं आणि सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षभरातच होते, म्हणजे तुमची बरीचशी होऊन गेली असणार, त्यात शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरच्या जबड्यातली दाढ पण त्या जागेत सरकते, मग स्क्रू बसवायला ना हाड उरतं ना जागा. मग आधी बोन ग्राफ्ट (कमी पडलेल्या हाडाची भर घालणं), वरच्या दाढेला कधी कधी सायनस लिफ्ट (दाढेच्या वरच्या पोकळीचा तळ उचलून हाडासाठी जागा करणं), खर्च नि महिने दोन्ही वाढले. पहिलं सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) काढा, साध्या एक्स-रेत हाडाची रुंदी कळत नाही.

सर्जरीला लोक उगाच घाबरतात, जागा बधिर करूनच करतात. वेळ लागतो तो टायटॅनियमचा स्क्रू हाडाने धरायला, साधारण ३ ते ६ महिने, नंतर वर कॅप. हां, शुगर कंट्रोलमध्ये हवी, तंबाखू-मिश्री बंद, आणि हाडं ठिसूळ झाल्याची औषधं किंवा इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधीच सांगून टाका.