दुसरी गिटार घेताय? आधी पहिलीची तब्येत बघा

वाचकांचे प्रश्न, गिटार शिक्षकाची उत्तरं

या वेळी दुसऱ्या गिटारबद्दलचीच पत्रं एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतोय.

प्रश्न: दादा, मी आठ महिन्यांपूर्वी पहिली गिटार घेतली, मोठ्या बॉडीची साधी अकूस्टिक. सी, जी, डी, ए मायनर या कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) व्यवस्थित येतात पण एफ काही केल्या वाजत नाही, दोन तारा मुक्याच राहतात आणि दहा मिनिटांत मनगट भरून येतं. एक मित्र म्हणतो इलेक्ट्रिक घे, दुसरा म्हणतो पैसे साठव आणि सॉलिड टॉपवाली चांगली अकूस्टिक घे. खरं सांगू का, हल्ली गिटार हातात घ्यायचाच कंटाळा यायला लागलाय.

अरे, तो कंटाळा वाचून मला वाईट वाटलं, कारण आठ महिने टिकलास म्हणजे तुला वाजवायचंय हे नक्की, आणि मला जवळजवळ खात्री आहे की इथे दोष बोटांचा कमी आणि गिटारचा जास्त आहे. दुकानातून आली तशी वाजवतोयस ना? म्हणजे सेटअप, तारांची उंची वगैरे जुळवून घेणं, झालेला नाही. बऱ्याच स्वस्त गिटारी कारखान्यातून निघतात तेव्हा तारा जरा उंचच ठेवलेल्या असतात, खाली ठेवल्या आणि खरखरल्या तर गिर्‍हाईक परत आणून देईल म्हणून.

आजच एक गोष्ट करून बघ. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या रेघा) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लाव आणि एफचा तोच आकार एक घर पुढे धर. एकदम सोपं वाटलं तर समज नट उंच आहे, नट म्हणजे डोक्याकडची ती पांढरी पट्टी जिच्या खाचांतून तारा जातात. अजून पक्कं करायचं असेल तर एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटच्या वर वाकून बघ, तार आणि फ्रेटमध्ये केसाएवढीच फट हवी, वरून टिचकी मारली तर जेमतेम हलली पाहिजे. मग बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोज. जाड तारेला साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेला दोनच्या आतबाहेर असेल तर ठीक, साडेतीन-चार निघालं तर त्या गिटारवर एफ धरताना कुणाचंही मनगट भरून येईल, माझंही.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीची अगदी हीच गत होती. तिची गिटार टेबलावर आडवी घेतली, तारा सैल केल्या, नटाच्या खाचा बारीक कानशीने एकेक करून खाली नेल्या, दोन हात मारायचे, तार परत बसवायची, दाबून बघायची, परत दोन हात, कारण खाच एकदा जास्त खोल गेली की तार मोकळी वाजवतानाच पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग नटच बदलावा लागतो. नंतर ब्रिजमधलं, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात त्या भागातलं, सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी) काढून खालून घासलं. बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर खाली हवी असेल तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं, घाईत हे विसरलं जातं. तासाभराने तिने एफ धरला आणि सहाच्या सहा तारा बोलल्या. ती माझ्याकडे बघतच राहिली, बोटं तर तासापूर्वीचीच होती.

हे काम तू स्वतः करू नकोस, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे दे आणि त्याला सांग नट, सॅडल आणि नेकचा, म्हणजे मानेचा, बाक तिन्ही बघ. सोबत हलक्या तारा टाकून घे. मोठ्या अकूस्टिकवर बहुतेक वेळा १२ ते ५३ चा सेट असतो (म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी), त्याऐवजी १० ते ४७ चा टाक, बोटांना लगेच फरक कळेल. आवाज थोडा पातळ होईल, चालेल.

आता दोन मित्रांचं. सॉलिड टॉप म्हणजे वरची फळी एकाच लाकडाची, प्लायसारखे थर नसलेली. साउंडहोलच्या (बॉडीवरच्या गोल भोकाच्या) कडेला बघितलं की कळतं, वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड. आवाज नक्कीच जास्त मोकळा असतो, वाजवता वाजवता अजून खुलतो, पण ती फळी हवेला जास्त जपावी लागते, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असेल तर खूश असते, फार कोरड्यात चिरते आणि फार दमटात फुगून तारा वर उचलते. घेण्यासारखी गोष्ट आहे, पण तुझ्यासाठी आत्ता नाही. कारण ती काय करणार, तर तुझी पहिली गिटार करते तेच, जरा बऱ्या आवाजात. मी स्वतः दुसरी गिटार अशीच घेतली होती, पहिलीसारखीच मोठ्या बॉडीची, फक्त महाग, आणि वर्षभरात एक पेटीत आणि एक हातात अशी स्थिती झाली. दुसरी गिटार पहिलीला जे जमतच नाही ते करणारी असावी, हे माझं ठाम मत आहे, आणि पहिलीला काय जमत नाही हे ती नीट लागल्याशिवाय कळत नाही. म्हणून सेटअप, मग दोन-तीन महिने वाजव, मग मला परत लिही. तेव्हा तू एफबद्दल बोलणार नाहीस, अमुक प्रकारचा आवाज निघत नाही असं काहीतरी सांगशील, आणि मग इलेक्ट्रिक की अजून काही हे ठरवणं एकदम सोपं जाईल.

प्रश्न: माझं वय ५४. दीड वर्षापासून शिकतेय. हात लहान आहेत आणि बोटांची टोकं दुखतात. क्लासिकल गिटारच्या तारा नायलॉनच्या असतात म्हणून दुसरी तीच घ्यावी का?

ताई, नायलॉन बोटांना मऊ लागतं हे शंभर टक्के खरं. सहा नायलॉन तारांचा मिळून ताण साधारण ४० किलोच्या घरात असतो, स्टीलच्या १२ च्या सेटचा ७० किलोच्या वर जातो. पण क्लासिकलची मान रुंद असते हे कुणी सांगितलं का तुम्हाला? नटापाशी ती साधारण ५२ मिलिमीटर, तुमच्या हातातल्या स्टीलवाल्या गिटारची ४३ च्या आसपास असणार. नऊ-दहा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण लहान हाताला जी कॉर्ड धरताना ते अंतर थेट करंगळीच्या मुळाशी कळतं. शिवाय क्लासिकलची बोटं ठेवायची पट्टी बहुतेक सपाट असते, त्यामुळे तर्जनी आडवी टाकून बार धरायला काही जणांना जड जातं.

तेव्हा आधी स्वतःला विचारा, बोटांनी एकेक तार छेडून वाजवायला आवडतं का? आवडत असेल तर क्लासिकल बिनधास्त घ्या, रुंद मानेवर उजव्या हाताच्या बोटांना तारांमध्ये ऐसपैस जागा मिळते आणि तो गोल, उबदार आवाज स्टीलवर येतच नाही. गाण्याबरोबर कॉर्ड वाजवण्यातच जीव रमत असेल तर मग छोट्या बॉडीची स्टीलवाली बघा, पार्लर किंवा ट्रिपल ओ म्हणतात तशी, आणि स्केल लेंग्थ विचारा, म्हणजे नटापासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी. नेहमीच्या मोठ्या गिटारची साधारण ६४५ ते ६५० मिलिमीटर असते. त्यापेक्षा आखूड घेतलीत की दोन फायदे, फ्रेट जवळजवळ येतात आणि त्याच सुराला तार कमी ताणावी लागते. मोठ्या बॉडीवरून उजवा हात टाकताना खांदा अवघडतो तेही थांबेल. या मोठ्या आकाराला ड्रेडनॉट म्हणतात, नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून पडलंय, १९१६ च्या सुमारास मार्टिन कंपनीने तो पहिल्यांदा बनवला. दणदणीत आवाज हीच त्याची खासियत, घरात एकटीने वाजवायला एवढा आवाज लागत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, क्लासिकल घेतलीत तर तिच्यावर चुकूनही स्टीलच्या तारा चढवू नका. ताण वरच्या आकड्यांवरून बघाच, ब्रिज उखडून येऊ शकतो.

प्रश्न: दादा मला इलेक्ट्रिकच घ्यायचीये, ठरलंय. स्ट्रॅट टाइप की लेस पॉल टाइप? आणि मित्राच्या गिटारमधून सारखा घूं आवाज येतो तो खराब आहे का?

ठरलंय ना, मग मस्त. अकूस्टिक आहेच तुझ्याकडे, म्हणजे ही खरोखर वेगळी गोष्ट होणार.

घूं आधी सांगतो. पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारा भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, असेल तर तो आवाज येणारच, घरातल्या विजेचं घूं ती कॉइल पकडते. यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर केला, दोन कॉइल शेजारी शेजारी, उलट्या गुंडाळलेल्या आणि चुंबकाची दिशाही उलटी, त्यामुळे विजेचं घूं एकमेकांना मारतं आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. मित्राला सांग गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू वळून बघ, एका दिशेला घूं कमी होईल. तसं झालं तर बहुतेक गिटार ठणठणीत आहे.

फेंडर स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची, तीन सिंगल कॉइल, स्केल साडेपंचवीस इंच. गिब्सन लेस पॉल १९५२ ची, हंबकर तिच्यावर १९५७ मध्ये आले, स्केल पावणेपंचवीस इंचाच्या आसपास. नंतरच्या बऱ्याच कॉप्या याच दोन घराण्यांतल्या. पाऊण इंचाचा फरक दिसायला किरकोळ पण त्याच तारांवर ताण साधारण सहा टक्क्यांनी उतरतो, बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवताना, बोटाला जाणवतो. लेस पॉलचा सूर जाड, डिस्टॉर्शनला (मुद्दाम फाडलेल्या आवाजाला) छान, पण वजन चार किलोच्या पुढे जातं, उभं राहून तासभर वाजवून बघ मगच हो म्हण. स्ट्रॅट हलकी, पोटाशी आणि हाताखाली कोरलेली, आवाज चमकदार आणि स्वच्छ. कुठल्या प्रकारचं संगीत तू रोज ऐकतोस ते तू लिहिलंच नाहीयेस, त्यावर हे ठरतं. जे ऐकून हात शिवशिवतात त्यात कोणता आवाज आहे? तेच घे. अगदीच ठरत नसेल तर ब्रिजपाशी हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी गिटार मिळते, नवशिक्याला ती खूप दिवस पुरते.

दोन गोष्टी टाळ. एक म्हणजे फ्लॉइड रोजसारखा लॉक होणारा तरंगता ब्रिज, एक तार तुटली की सगळ्या तारांचं ट्यूनिंग हलतं आणि तुझा संध्याकाळचा रियाज पाना फिरवण्यात जातो. दुसरं, सगळे पैसे गिटारमध्ये घालू नकोस, अ‍ॅम्पसाठी बाजूला काढ. इलेक्ट्रिकचा निम्मा आवाज अ‍ॅम्पचा असतो, हेडफोन लावता येणारा छोटा प्रॅक्टिस अ‍ॅम्प घे म्हणजे रात्रीही वाजवता येईल.

प्रश्न: दुसरी गिटार सेकंडहँड घ्यावी का? काय बघायचं?

घ्यावी, जरूर घ्यावी, त्याच पैशात एक पायरी वरची मिळते. फक्त फोटो बघून घेऊ नका, हातात घ्या.

हेडस्टॉककडून, म्हणजे गिटारच्या डोक्याकडून, एक डोळा मिटून मानेवरून खाली बघा, जसं सुतार फळी बघतो. थोडासा बाक चालतो, तो ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आतल्या सळईने, सुधारतो (पण रॉड अजून फिरतोय ना ते विचारा, काहींचा आधीच टोकापर्यंत आवळलेला असतो). मान पिळवटलेली दिसली तर मात्र उठा आणि निघा. अकूस्टिक असेल तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा, आत जात असेल तर ब्रिज सुटायला लागलाय. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, कंटाळवाणं आहे, विकणारा चुळबुळ करेल, करू दे. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा, दोन्ही एक यायला हवेत. मागे झुकलेलं हेडस्टॉक असेल तर नटाच्या पाठीमागे बोट फिरवा, पडून तुटलेली गिटार तिथेच तुटते, नीट चिकटवलेली वर्षानुवर्षं चालते पण किंमत तशी कमी हवी. वायर हलवल्यावर खर्र होतं किंवा व्हॉल्यूमचं बटण फिरवताना कुरकुरतं याला घाबरू नका, ते किरकोळ काम. फ्रेटवर खोल खाचा पडल्या असतील तर ते काम किरकोळ नाही.

प्रश्न: नवीन आली की पहिली विकू का?

लगेच नको. सहा महिने ठेव, जाड तार ई वरून डी वर उतरवून वेगळं ट्यूनिंग लावून बघ, कित्येकदा जुन्या गिटारला असं नवीन काम मिळतं. तरीही धूळच खात बसली तर शिकायला लागलेल्या कुणाला तरी दे, नवीन तारा चढवून दे, आणि सॅडल घासून घेतलं असेल तर ते किती घासलंय हे घेणाऱ्याला सांग, म्हणजे तो परत घासायला जाणार नाही.