लाकडी घाण्याचं तेल: भाव पाडून विकू नका

भावात रिफाइंडशी स्पर्धा करायचा विचार आधी सोडा. मोठ्या कारखान्यात दाबून उरलेल्या पेंडीतलं तेलही हेक्झेन या तेल विरघळवणाऱ्या रसायनानं जवळजवळ सगळं निघतं. घाण्यात शेंगदाण्याचा उतारा 38–40 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लिटरभर तेलाला साधारण अडीच किलो दाणे.

हिशेब असा मांडा: दाणे 120 रुपये किलो धरले तर 300 रुपये, दीड किलो पेंड 40 रुपयांनी गेली तर 60 परत. उरले 240. वर वीज, मजुरी, बाटली, गळती, भाडं. भाव तुमच्या बाजारातले घाला, पण पेंडीचं गिऱ्हाईक आधी बांधा. नफा बऱ्याचदा तिथेच असतो.

इथे पुष्कळ जण घसरतात. शेजारच्या दुकानाशी बरोबरी करायला दर उतरवतात, मग हलका दाणा घेतात. ओला दाणा उतारा घटवतो, बुरशीचा दाणा अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आणतो. दर रिफाइंडच्या वर आणि माल सामान्य, म्हणजे ना धड स्वस्त ना धड वेगळं!

वेगळेपण गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. घाणा दर्शनी ठेवा, बाटलीवर गाळल्याची तारीख टाका, तेल दोन-तीन दिवस निवळल्याशिवाय भरू नका. गिऱ्हाइकाचे दाणे मजुरीवर गाळून द्या. त्यात तुमचं भांडवल अडकत नाही. ‘एकावर एक मोफत’ मात्र कधीच नको, पुढच्या महिन्यात मूळ दर कोणी देत नाही. अन्न परवाना पहिल्या बाटलीआधी घ्या.