कापलेले पैसे परत मागताना : पासबुकातली पहिली नोंद शोधा

मिस्टरांची नोकरी गेली, दुकान बसलं, दवाखान्यात पैसे गेले, आणि नेमका त्याच महिन्यात बँकेनेही दंड कापला. तो परत मिळेल का? दर आठवड्याच्या पत्रांत हा प्रश्न असतोच. मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा शाखाधिकारी म्हणून, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. ऐकीव माहितीवर लोक एकतर हातपाय गाळतात, नाहीतर भलत्याच माणसाच्या हातात पासबुक देतात. म्हणून या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर.

प्रश्न : तीन वर्षं खातं वापरलेलं नाही. आता सुरू करायला गेले तर किमान शिल्लक नसल्याचा दंड आधी भरा म्हणतात. भरू का? (चिपळूण)

भरू नका. दोन वर्षं तुमच्याकडून एकही व्यवहार झाला नसेल तर खातं निष्क्रिय ठरतं. निष्क्रिय खात्यावर हा दंड लावता येत नाही आणि खातं पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. केवायसीची कागदपत्रं घेऊन जा आणि जुना खातेउतारा मागून घ्या. निष्क्रिय होण्याआधी काही कापलं असेल तर तो प्रश्न वेगळा, तो उतारा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

प्रश्न : दर तिमाहीला एसएमएसचे पैसे कापतात. थांबवता येतात का? (नाशिक)

हे शुल्क प्रत्यक्ष वापराप्रमाणे घ्यावं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ साली सांगितलं आहे. दर वेळी एकच ठरावीक आकडा कापलेला दिसत असेल तर किती एसएमएसचे किती पैसे, हे शाखेत लेखी विचारा.

प्रश्न : मी धुणीभांडी करते. लाडकी बहीणचे दीड हजार जमा झाले की बँक त्यातून पैसे कापते. शाखेत विचारलं तर म्हणतात, कॉम्प्युटर कापतो, आमच्या हातात काही नाही. खरं काय? (बार्शी)

ताई, कॉम्प्युटरला काय कापायचं ते बँकेनेच सांगितलेलं असतं, आणि बँकेने कसं कापायचं ते रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं. किमान शिल्लक कमी झाली की लगेच दंड लावायचा नाही. आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि शिल्लक भरायला एक महिना द्यायचा. त्यानंतरही कमी असेल तरच दंड, आणि तोही जितकी रक्कम कमी असेल तिच्या प्रमाणात. शंभर रुपये कमी असणाऱ्याला आणि तीन हजार कमी असणाऱ्याला सारखाच दंड, असं चालत नाही. शेवटची गोष्ट मी पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगते: केवळ या दंडामुळे बचत खातं उणे शिल्लकीत जाता कामा नये.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. गेल्या महिन्यात एक शिलाईकाम करणारी बाई माझ्याकडे पासबुक घेऊन आली. मशीनच्या कर्जाचा हप्ता २,३४० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. तिने २ तारखेला खात्यात २,४०० रुपये करून ठेवले होते. मोजून, साठ रुपये वर. ३ तारखेला बँकेने किमान शिल्लक नसल्याचे २०० आणि त्यावर जीएसटीचे ३६, असे २३६ कापले. राहिले २,१६४. ५ तारखेला हप्ता बाउन्स. त्याचा बँकेचा दंड जीएसटीसह ५९०. फायनान्स कंपनीने ८ तारखेला हप्ता पुन्हा लावला, तोही बाउन्स, पुन्हा ५९०. खात्यात उरले ९८४. शिवाय फायनान्स कंपनीने दोन्ही वेळचे पाचशे-पाचशे आपल्या बाजूने मांडले. २३६ रुपयांपायी एकूण २,४१६ गेले, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त, आणि हप्ता बाकीच राहिला.

ती बाई हप्ता बाउन्स झाल्याची तक्रार घेऊन शाखेत गेली होती. तिथे तिला सांगितलं, पैसेच नव्हते तर बाउन्स होणारच. हे उत्तर ऐकून ती परत फिरली. तिचं भांडण बाउन्सच्या नोंदीशी नव्हतंच, ते ३ तारखेच्या नोंदीशी होतं. महिनाभर आधी कळवल्याचा पुरावा दाखवा, असा अर्ज आम्ही दिला. पुरावा मिळाला नाही. बँकेने २३६ आणि पहिल्या बाउन्सचे ५९० रिव्हर्स केले. बाकीच्यासाठी अर्ज अजून चालू आहे. म्हणून सांगते, ताई, साखळीतली पहिली कपात शोधा. ती चुकीची ठरली तर तिच्यामुळे झालेलं पुढचंही मागता येतं. पहिली नोंद सोडून शेवटच्या नोंदीवर भांडलात तर हातात काही येत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. खातं शून्यावर असताना बँक दंड कापू शकत नाही, पण तो मागे बाकी म्हणून ठेवते आणि दीड हजार आले की वसूल करते. पासबुकात तारीख आजची दिसते, पण दंड असतो सहा महिन्यांपूर्वीचा. तेव्हा महिन्यावार हिशोब मागा: कुठल्या महिन्यात किती रक्कम कमी होती, त्याची सूचना कधी आणि कुठल्या नंबरवर पाठवली, दंड किती टक्क्यांनी लावला. मोबाइल नंबर बदलला असेल आणि बँकेत कळवला नसेल तर मात्र बँक तेच सांगेल, म्हणून आधी नंबर नोंदवून घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये या योजनेचे पहिले पैसे आले तेव्हा असंच कापलं गेलं होतं, आणि हे पैसे कापू नका असं बँकांना सांगण्याची वेळ राज्य सरकारवर आली होती.

अडचण आहे म्हणून नियमाने कापलेला दंड परत द्यायलाच हवा, असा कायदा आपल्याकडे नाही. हे कडू आहे, पण तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. चुकीचा दंड हक्काने मागायचा, बरोबर असलेला विनंती करून. विनंतीसोबत दवाखान्याची कागदपत्रं, कामावरून काढल्याचं पत्र असं काही जोडा. माफीचे थोडे अधिकार शाखाधिकाऱ्याला असतात, त्यावरचे विभागीय कार्यालयाला. मीही असे अर्ज मंजूर केले आहेत. पण तोंडी विनंती मंजूर करायला कागदच नसतो.

पुढचं नुकसान थांबवणं मात्र आजच तुमच्या हातात आहे. खातं मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून द्या, असा अर्ज करा. २०१२ पासून प्रत्येक बँकेत अशी सोय आहे. त्यात किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड फुकट मिळतं. जनधन खातं याच प्रकारचं. अट एकच लक्षात ठेवा: अशा खात्यासोबत त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. दुसरीकडे जनधन असेल तर आधार तिकडे जोडून घ्या, कारण सरकारी मदत आधारला जोडलेल्या खात्यात जाते, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्येच बंद केला. कॅनरा बँकेने जून २०२५ मध्ये, आणि पंजाब नॅशनल व बँक ऑफ बडोदाने त्याच्या पुढच्याच महिन्यात साध्या बचत खात्यांवरचा बंद केला. पण त्याआधी कापलेलं त्यामुळे आपोआप परत येत नाही. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या एका दंडातून सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केल्याचं सरकारनेच लोकसभेत सांगितलं आहे. कुणाच्या खात्यातून गेले असतील ते? ज्यांच्याकडे शिल्लक ठेवायला पैसे नव्हते, त्यांच्याच.

उतारा हातात आला की एकट्याने वाचत बसू नका. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचं वित्तीय साक्षरता केंद्र असतं, तिथे दाखवा.

प्रश्न : हप्त्याला पैसे नाहीत. मॅन्डेटच, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायची दिलेली परवानगी, रद्द केलं तर बाउन्सचा दंड वाचेल, असं मित्र म्हणतो. करू का? (इचलकरंजी)

मित्राने अर्धंच सांगितलं. मॅन्डेट रद्द केलं तरी कर्ज तसंच राहतं, थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात जाते, आणि पैसे नसल्याने मॅन्डेट परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखाच फौजदारी खटला होऊ शकतो. नोटीस आली असेल तर मॅन्डेटला हातही लावू नका, आधी वकिलाला दाखवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

नोटीस आलेली नसेल तर हप्त्याच्या तारखेआधीच कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा: पगार १० तारखेला होतो, तारीख पुढे न्या, किंवा मुदत वाढवून हप्ता कमी करा. तारखेनंतर गेलात तर तुम्ही थकबाकीदार म्हणून बोलत असता. आणि कर्जाच्या खात्यावर लावलेला दंड नीट पाहा. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने दंडव्याज बंद केलं. आता फक्त दंडशुल्क लावता येतं, ते मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज घेता येत नाही, आणि या दंडशुल्कावर जीएसटी लागत नाही. उताऱ्यात अजून ‘पीनल इंटरेस्ट’ असं छापून येत असेल तर ते कधीपासूनचं आहे हे विचारा. क्रेडिट कार्डाला हे परिपत्रक लागू नाही.

प्रश्न : ‘बँकेचे सगळे चार्जेस परत मिळवून देतो’ अशी जाहिरात मोबाइलवर आली. पंचवीस टक्के कमिशन, आधी नोंदणीचे ९९९. विश्वास ठेवावा का? (पनवेल)

नाही. आणि ९९९ भरून झाले असतील तर आजच बँकेला कळवा, नेट बँकिंगचा पासवर्ड बदला, एखादं अॅप टाकायला सांगितलं असेल तर ते काढून टाका. ओटीपी दिला असेल आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

हे लोक करतात तरी काय? तुमच्या नावाने एक अर्ज लिहितात, जो तुम्ही पोस्टकार्डावरही लिहू शकता. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे चालतच नाही. आधीच ओढाताणीत असलेल्या माणसाला गाठून त्याच्याच चार पैशांतला वाटा मागणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो.

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिकडे बँकांनी लोकांना हजारो पौंड परत दिले म्हणतात. त्याचीही नोकरी गेली आहे. त्याने अर्ज करावा का? (पुणे)

ती गोष्ट जुनी आहे. २००६-०७ च्या सुमारास तिथे ओव्हरड्राफ्टचे, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त पैसे काढल्याचे, दंड परत मागायची लाटच आली होती. पण २५ नोव्हेंबर २००९ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने निकाल दिला आणि सरसकट परतावा थांबला. तेव्हापासून खऱ्या आर्थिक अडचणीतल्या माणसाचाच मुद्दा उरला: बँकेने त्याच्याशी सहानुभूतीने वागायला हवं, तसं वागली नाही तर दाद मागता येते. एप्रिल २०२० पासून ओव्हरड्राफ्टवर रोजचे ठरावीक दंड लावणंही तिथे बंद झालं आहे, व्याजच लागतं. भाच्याने बँकेला अडचण लेखी कळवावी. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे तिथल्या लोकपालाकडे जावं, तेही फुकट आहे. त्याआधी सिटिझन्स अॅडव्हाइस किंवा स्टेपचेंज या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांशी बोलावं. इथला सल्ला तिथे लावू नये.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेने दंड कापला. रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करू का? (संगमनेर)

उपयोग नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जा. नावात ‘मल्टिस्टेट’ असेल तर दाद दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे. पासबुकावरचा नोंदणी क्रमांक आधी पाहा.

प्रश्न : मार्चपासून शाखेत खेपा घालतोय. साहेब म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू. आणखी किती थांबू? (लातूर)

एक दिवसही थांबू नका. मार्चपासूनच्या तुमच्या खेपांची कुठेच नोंद नाही, हे लक्षात घ्या. बँकेच्या लेखी तुम्ही अजून तक्रारच केलेली नाही.

उद्या साध्या कागदावर अर्ज लिहा: खाते क्रमांक, कपातीची तारीख, रक्कम, कारण काय दाखवलंय, आणि तुमची मागणी. दोन प्रती काढा. एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज ईमेलने किंवा बँकेच्या तक्रार पोर्टलवर टाका आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्या दिवसापासून तीस दिवस मोजा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लगेच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२१ पासून देशभरासाठी एकच योजना आहे. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. इथेही मुदत असते, त्यामुळे उत्तर आल्यावर ते कपाटात ठेवून देऊ नका.

अर्ज देण्याआधी जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. आणि मूळ पासबुक कुणाकडेही सोडून येऊ नका, झेरॉक्सच द्या.