मिझोरामच्या शेतकरी गावातल्या एका भाविक बॅप्टिस्ट आजीचं आयुष्य कसं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे की ईशान्येकडच्या ख्रिस्ती गावांतल्या म्हाताऱ्या बायका दिवसभर चर्चमध्येच असतात का, आणि घरात त्यांचं कितपत चालतं. सगळ्या ईशान्येबद्दल मी काय सांगणार? रस्त्याच्या सर्वेक्षणाच्या कामासाठी २६ महिने दक्षिण मिझोराममध्ये, लुंगलेई जिल्ह्यातल्या एका गावात राहिलो. ज्या घरात भाड्याने होतो तिथल्या मालकीणबाईंबद्दल तेवढं सांगू शकतो.

मिझोमध्ये वयस्कर बाईला आदराने 'पी' म्हणतात, मीही तेच म्हणायचो. त्या मला 'वाईपा' म्हणत. बाहेरून आलेला तो 'वाई', आणि पुरुष म्हणून 'वाईपा'. मी खरोखरच वाईजवळचा आहे, पण हा विनोद तिथे कोणालाच समजावता आला नाही.

पींचं वय तेव्हा पंच्याहत्तरच्या आसपास होतं. पहाटे चारला चूल पेटायची. चुलीच्या वर टांगलेल्या फळीवर डुकराचं मांस धुरावत ठेवलेलं असे. तांदूळ मापून घेतले की पातेल्यात पडण्याआधी त्यातली एक मूठ पी बाजूच्या डब्यात टाकत. तिथे जेवणं दोनच, सकाळी आठ-नऊला आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, म्हणजे रोज दोन मुठी. याला म्हणतात 'बुहफाई थम'. आठवड्यातून एकदा चर्चच्या बायका घरोघर फिरून ते डबे रिकामे करतात, तांदूळ विकतात आणि पैसे चर्चकडे जातात. आपल्याकडच्या मुष्टिफंडासारखंच, फक्त तिथे ते शंभर वर्षांहून जास्त काळ अखंड चालू आहे आणि गोळा होणारी रक्कम आता कोटींत जाते. धर्मप्रचारकांचे पगार त्यातून निघतात.

तुमच्या 'कितपत चालतं' या प्रश्नाचं उत्तर मला त्या डब्यात दिसलं. मिझो समाज मुळात पुरुषप्रधान. घर परंपरेने धाकट्या मुलाला जातं. चर्चमध्ये उपदेश करणारे मी पाहिले ते बहुतेक पुरुषच. एक जुनी म्हण आहे: खेकड्याचं मांस हे मांस नव्हे आणि बाईचा शब्द हा शब्द नव्हे. ही म्हण मी पींच्याच तोंडून ऐकली. ओढ्यातला खेकडा दाताने फोडून, चवीने चोखत त्या ती मला सांगत होत्या. त्यांची नात भाषांतर करता करता हसत होती. पण गावच्या चर्चचं नवं छप्पर आधी घालायचं की पाहुण्यांची खोली आधी बांधायची, हे महिनाभर ठरत नव्हतं तेव्हा पुरुषांची बैठक संपवून मंडळी पींच्या चुलीपाशी येऊन बसली होती. ज्यांच्या मुठीतून पैसा येतो त्यांना विचारल्याशिवाय कसं चालेल?

दिवसभर चर्चमध्ये बसायला त्यांना वेळच नसायचा. तिथली शेती म्हणजे डोंगरउतारावरचं झूम: जानेवारी-फेब्रुवारीत जंगल तोडायचं, मार्चमध्ये जाळायचं, पावसाच्या तोंडावर भात, मका, मिरची, भोपळा सगळं एकत्र टोकायचं आणि मग पावसाळाभर खुरपत राहायचं. वेताची टोपली पाठीवर, तिचा पट्टा कपाळावर, अशा पी त्या वयातही तासभर चढून शेतावर जात. चढ संपला की एक छोटी बाटली काढून तंबाखूच्या धुराचं पाणी, म्हणजे 'तुईबुर', घोटभर तोंडात धरत आणि थुंकत. दारूचं नाव काढलं तर कपाळावर आठ्या, पण तुईबुरबद्दल बायबलात काही लिहिलेलं नाही असं त्यांचं ठाम मत होतं.

रविवारी मात्र विळ्याला हात नाही. एका नोव्हेंबरमध्ये कापलेला भात शेतातच पडला होता आणि रविवारी सकाळी आभाळ भरून आलं. नातू निघाला, पींनी त्याला दारातूनच परत बसवलं. पाऊस आला. सोमवारी निम्मं भात भिजलेलं, काही दिवसांनी त्याला कोंब आले. ते डुकरांना गेलं. मी हळहळलो तर पी म्हणाल्या, डुकरांचा रविवार चांगला गेला की. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

थोडा इतिहास सांगतो, नाहीतर ही श्रद्धा कुठून आली ते कळणार नाही. लोरेन आणि सॅविज हे दोन इंग्रज मिशनरी १८९४ मध्ये मिझो डोंगरात आले, भाषेला रोमन लिपी दिली आणि १९०३ मध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीतर्फे लुंगलेईजवळ सेरकॉनला ठाण मांडलं. म्हणून दक्षिणेत बॅप्टिस्ट जास्त, उत्तरेत प्रेस्बिटेरियन, म्हणजे दुसरा एक प्रोटेस्टंट पंथ. (ज्या विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तो याच सोसायटीचा.) बॅप्टिस्टांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, कळत्या वयात स्वतः कबूल करून पूर्ण पाण्यात बुडी मारायची. पींनी ती ओढ्यात मारली होती.

१९५९ मध्ये बांबू फुलला, उंदीर माजले, भाताची कोठारं फस्त झाली. तो 'माउताम'चा दुष्काळ पींनी तरुणपणी काढला, जंगलातले कंद उकरून. त्यातून असंतोष, १९६६ चं भारत सरकारविरुद्धचं बंड, आणि १९६७ पासून लष्कराने गावं उठवून रस्त्याकडेच्या कुंपणात एकत्र वसवली. जुनं गाव जाळलेलं त्यांनी पाहिलं. धान्य सरकारी ताब्यात, रेशनने मिळायचं. तेव्हाही मूठ काढत होता का, असं विचारलं. पींनी हाताची तीन बोटं जुळवून दाखवली: एवढी.

त्यांना मी रडताना पाहिलं नाही, गाताना मात्र रोज पाहिलं. मिशनऱ्यांना चर्चमध्ये ढोल नको होता. मिझो लोकांनी तो कालांतराने आत आणलाच. कोणाच्या घरी मयत झाली की रात्री-रात्री त्या घरात जमून ढोलाच्या संथ ठेक्यावर गायचं. अशी एकही रात्र पी चुकवत नसत, भांडणातल्या घरचीही नाही.

घरातलं दुःख एकच, धाकटा मुलगा. घराचा वारस तो आणि दारू पिणाराही तोच. राज्यात १९९७ पासून दारूबंदी, मध्ये २०१५ ला ढिली केली आणि २०१९ ला पुन्हा घट्ट, पण पिणाऱ्याला तिन्ही काळांत मिळत होती. चर्चमध्ये त्याच्यावरून बोलणी खाताना पी मान खाली घालत. रात्री मात्र त्याचं ताट झाकून चुलीशेजारी ठेवलेलं असायचं.

आणि हो, भाडं. महिना ३,००० द्यायचो. मोजायच्या आधी ३०० वेगळे निघून पाकिटात जायचे, चर्चचा दशमांश. परत आल्यावर मी हिशोब केला, माझे ७,८०० रुपये तिकडे गेले होते. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वारी. माझ्या आजीला घाबरत घाबरत सांगितलं, तर ती म्हणाली, "कुठं का जाईना, तू भाडं वेळेवर देत होतास ना?"