जमिनीची इसार पावती (आगाऊ रक्कम घेऊन दिलेला खरेदीचा लेखी करार) झाली, पैसे दिले, आता मालक खरेदीखत करून देत नाही. पोलिसांत जावं की कोर्टात?

कोर्टात. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवता येत नसेल, तर पोलीस बहुधा 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणून परत पाठवतात. त्या फेऱ्यांत महिने जातात आणि दावा लावायची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

आधी वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस द्या. तीत एक वाक्य हवंच: उरलेली रक्कम देऊन खरेदीखत करून घ्यायला मी तयार होतो आणि आजही आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 16 नुसार ही तयारी सिद्ध करणं तुमच्यावर असतं, आणि कित्येक दावे इथेच पडतात. म्हणून बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचे निरोप, सगळं जपून ठेवा.

मग दिवाणी न्यायालयात करारपूर्तीचा दावा, म्हणजे मालकाला खरेदीखत करून द्यायला लावण्याचा दावा. मुदत 3 वर्षं: पावतीत खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या दिवसापासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. दाव्यातच पर्यायी मागणी म्हणून इसाराची रक्कम व्याजासह परत मागा. ही मागणी लिहायची राहून गेली की पुढे फार त्रास होतो. जमीन तिसऱ्याला विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणीच्या कार्यालयात) नोंदवा.

पावती नोंदणीकृत नसली तरी घाबरू नका, या दाव्यात ती पुरावा म्हणून चालते. मुद्रांक कमी असेल तर मात्र फरक आणि दंड भरावा लागेल.